जुन्या गाडीची वायरिंग : ओरिजिनल ठेवायची की बदलायची? आधी मल्टीमीटर काढा

रविवारी सकाळी ठाण्यात उपवनला चहाच्या टपरीपाशी जुन्या गाड्या घेऊन आम्ही चारपाच जण जमलो की विषय फिरून फिरून लाइटवरच येतो. कोणाची बॅटरी उतरलीय, कोणाचा हॉर्न म्हशीसारखा रेकतोय, आणि मग एक जण म्हणतोच की अरे काढून टाक ते जुनं सगळं, बारा व्होल्ट करून घे, एलईडी टाक, सुटशील. लगेच दुसरा त्याच्यावर खेकसतो, ओरिजिनल गाडीची वाट लावू नकोस म्हणून. मी दोन्ही बाजूंनी हात पोळून घेतलेत म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू, नाहीतर दर रविवारी तेच तेच.

माझी गाडी १९७४ ची येझदी, मामाची होती, आता नौपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभी असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा बनवली, १९७३ पासून त्याच कारखान्यातून येझदी नावाने गाड्या यायला लागल्या आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. या जुन्या गाड्यांत सहा व्होल्टचा डायनॅमो (म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर) असतो, क्रँकच्या उजव्या टोकाला बसवलेला, आणि त्याच्याच तोंडाशी पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा छोटा स्विच. डायनॅमो ४५ वॅटचा. हा ४५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

तर झालं काय, बरीच वर्षं झाली, हेडलाइट मिणमिणतो म्हणून मी गाडी एका वायरमनकडे टाकली. नाव गाव नको, माणूस वाईट नव्हता, घाईत होता. तो म्हणाला, "साहेब, हे कटआउट वगैरे आता कोण वापरतं, मी डायरेक्ट करून देतो." संध्याकाळी गाडी मिळाली, लाइट झक्कास, मी खूश. महिन्याभराने कळव्याच्या पुलावर टाकीखालून जळका वास यायला लागला, गाडी बाजूला घेऊन सीट काढून बघतो तर वायरी एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या, बॅटरीचं पाणी आटलेलं, फ्यूज नावाची गोष्टच नाही. आणि मूळ कटआउट, म्हणजे डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा डबा? ते त्याने भंगारात दिलं होतं. दुसरं मिळवायला मला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किती शनिवार घालवावे लागले ते माझ्या बायकोला विचारा.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. गाडीत काय वाट्टेल ते बदला पण असं बदला की एका दुपारी परत होतं तसं करता आलं पाहिजे. आणि बदलण्याआधी जुनी सिस्टीम जशी कारखान्यातून निघाली होती तशी एकदा तरी चालवून बघा, कारण आपण ज्याला "सहा व्होल्ट बेकार" म्हणतो ते बहुतेक वेळा सहा व्होल्ट नसतंच, बल्बपर्यंत पोचेस्तोवर पाच उरलेले असतात.

आधी मोजा

चारपाचशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. सगळ्यात आधी बघा की बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत, ट्रायम्फ बीएसए वगैरे, प्लस बॉडीला असतो, आणि आपल्या डोक्यात मायनस म्हणजे अर्थ इतकं पक्कं बसलंय की लोक न बघता बॅटरी लावतात. बल्बला फरक पडत नाही पण एलईडी, इलेक्ट्रॉनिक कटआउट, मोबाइल चार्जर यांचा क्षणात निकाल लागतो.

मग बॅटरी. फुल चार्ज करून रात्रभर ठेवा, सकाळी सहा व्होल्टवाली ६.३ च्या आसपास दाखवायला हवी, बारावाली १२.६. आता इंजिन बंद ठेवूनच हेडलाइट लावा आणि दोन मिनिटांनी परत बघा, सहावाली सहाच्या बरीच खाली घसरली तर बॅटरीच गेलीय, पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही, आधी ती बदला.

बॅटरी ठीक असेल तर खरी गंमत आता. मीटर डीसीच्या छोट्या रेंजवर ठेवा. हेडलाइट चालू. एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी हेडलाइटच्या डब्यात बल्बच्या मागच्या टोकावर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. मग तसंच दुसऱ्या बाजूला, एक काडी बल्बच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर, हे अर्थिंगचं नुकसान. माझ्या गाडीत पहिल्या वेळी प्लस बाजूला ०.६ आणि अर्थला ०.४ आलं होतं, म्हणजे सहातला एक व्होल्ट नुसता हवेत!

आता तुम्ही म्हणाल एका व्होल्टने काय होतंय. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो, साधारण व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताने. सहाचे साडेपाच झाले तर पाव उजेड गेला. पाच झाले तर निम्मा गेला. आणि सहा व्होल्टच्या गाडीत हे जास्त होतं कारण ३५ वॅटचा बल्ब सहावर जवळपास ६ अँपियर ओढतो, बारावर तोच ३५ वॅट ३ अँपियरमध्ये भागतो. करंट दुप्पट म्हणजे त्याच वायरीत, त्याच गंजलेल्या जोडात व्होल्टेजचं नुकसान पण दुप्पट, आणि ते बारातून नाही तर सहातून वजा होतंय. म्हणून बारा व्होल्टवाले नशीबवान असतात, त्यांची वायरिंग तेवढीच सडलेली असली तरी चालून जातं.

ठाण्यात आणि त्याहून जास्त वाशी-ऐरोलीकडे खाडीची हवा आहे, जोडांवर हिरवट बुरशीसारखं येतं ते तांब्याचं गंजणं. पावसाळ्यात चार महिने गाडी कव्हरखाली घामेजलेली असते, प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर जास्तच. त्यामुळे आपल्याकडच्या गाडीचा पहिला अपग्रेड म्हणजे पॉलिश पेपर. हसू नका. बॅटरीची अर्थ वायर फ्रेमला जिथे बसते तिथला रंग खरवडून चकचकीत करा, हेडलाइटच्या डब्याला स्वतंत्र अर्थ वायर ओढा (बऱ्याच गाड्यांत अर्थ हँडलच्या बेअरिंगमधून जातो, म्हणजे ग्रीसमधून, मग काय होणार), प्रत्येक बुलेट कनेक्टर ओढून साफ करून दाबून परत बसवा, ढिला असेल तर नवा टाका, वरून व्हॅसलिनचा हात मारा. फ्रेमला पावडर कोटिंग केलेलं असेल तर हे काम दुप्पट महत्त्वाचं, पावडर कोटिंगमधून करंट जात नाही, नुकतीच रिस्टोअर केलेली गाडी जुन्यापेक्षा वाईट चालते त्याचं कारण दहातल्या सात वेळा हेच असतं असा माझा अंदाज.

एवढं केलं तेव्हा माझं नुकसान दोन्ही बाजू मिळून पाव व्होल्टच्या खाली आलं. त्या रात्री मी पार्किंगच्या भिंतीवर लाइट मारला तर वॉचमन काका म्हणाले, "नवीन बल्ब टाकला का रे?" जुनाच होता.

मग ४५ वॅटचा हिशोब

मोजून झालं, साफ करून झालं, आता ठरवा की गाडी वापरणार कशी. हेडलाइट ३५, टेललाइट ५, मीटरचा दिवा दीडदोन, इग्निशन कॉइल दहा-पंधरा. झाले पन्नासच्या वर. डायनॅमो ४५ चा आणि तेही इंजिन पळत असताना, माजिवड्याच्या सिग्नलला आयडलिंगवर उभे असता तेव्हा तो काहीच देत नाही, लाल दिवा लागलेला असतो तो तेच सांगत असतो. ब्रेक दाबला की अजून पंधरा-अठरा वॅट. म्हणजे रात्री ट्रॅफिकमध्ये ही गाडी बॅटरी खाऊनच चालते, ही त्या काळची डिझाइनच आहे, कोणाची चूक नाही, १९७४ साली घोडबंदर रोडवर मेट्रोचे पिलर आणि दीड तासाचा जाम नव्हता.

म्हणून स्वतःला विचारा. महिन्यातून दोनदा सकाळी येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर बाबांनो काहीही बदलू नका, साफ करा, चांगली बॅटरी टाका, मजा करा. पाम बीच रोडला संध्याकाळी फिरायचं असेल तरी चालेल, तिथे रस्त्याचे दिवे इतके आहेत की हेडलाइट फक्त आपण समोरच्याला दिसण्यापुरता. पण रोज ऑफिसला जाता आणि रात्री गायमुखच्या घाटातून परत येता, ट्रकचे लाइट डोळ्यात, खड्डे पाण्याखाली, तर मग भावनेला बाजूला ठेवा. तिथे ओरिजिनलपणा वगैरे नंतर, आधी दिसलं पाहिजे.

पायरी एक : जे दिसत नाही ते बदला

फ्यूज. आपल्या कित्येक जुन्या गाड्यांत एक तर तो नसतोच, नाहीतर असलेला कोणीतरी तार गुंडाळून बायपास केलेला असतो. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर ब्लेड फ्यूजचा होल्डर टाका, सहा व्होल्टला १५ अँपियर, बाराला १०. साइडच्या डब्यात झाकला जातो, कोणाला दिसत नाही. कळव्याच्या पुलावर माझ्याकडे हा दहा रुपयांचा तुकडा असता तर पुढचं रामायण झालं नसतं.

टेललाइट, मीटर आणि पायलटचे बल्ब एलईडी करा, बिनधास्त, सहा व्होल्टमध्ये पण मिळतात, लॅमिंग्टन रोडला नाहीतर ऑनलाइन. वाचलेले पाचसात वॅट हेडलाइटला मिळतात. फक्त लाल काचेमागे लाल एलईडीच टाका, पांढरा टाकला तर लाल काच त्यातला बराचसा उजेड अडवते आणि मागून गुलाबी मळकट दिसतं. इंडिकेटर एलईडी केले तर जुना फ्लॅशर लपलप करणार नाही, कारण तो बल्बच्या करंटने तापून चालतो आणि एलईडीचा करंट त्याला पुरत नाही, त्यासाठी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो, दोन वायरी की तीन वायरी ते आधी बघून.

कटआउट. जुन्या मेकॅनिकल कटआउटमध्ये दोन कामं असतात, एक म्हणजे डायनॅमोचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा वर गेलं की दोघांना जोडायचं, खाली आलं की तोडायचं, नाहीतर बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होईल. दुसरं म्हणजे फील्डचा (डायनॅमोत चुंबक तयार करणाऱ्या कॉइलचा) करंट थरथर करत तोडत-जोडत व्होल्टेज सांभाळायचं. झाकण काढून त्याचे पॉइंट जळालेत का बघा, कागदाने पुसा, पण त्या पत्र्या पक्कडने वाकवू नका, आमच्या इथल्या एका फिटरने वाकवल्या आणि गाडी साडेआठ व्होल्ट मारायला लागली. नीट असेल तर साधारण २५०० ते ३००० आरपीएमला बॅटरीवर ७ ते ७.२ दिसेल. फारच लहरी असेल तर त्याच डब्यात मावणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट मिळतं, जुनं आतलं काढून ठेवायचं, वरून डबा तोच. गाडी ओरिजिनल दिसते, चार्जिंग आजच्या काळाचं. माझ्या मते पैसे टाकायचेच तर सगळ्यात वसूल होणारी गोष्ट हीच.

बॅटरीबद्दल एक. खेळण्यातल्या गाडीत आणि इमर्जन्सी लाइटमध्ये जी सहा व्होल्ट साडेचार एएचची सीलबंद बॅटरी येते ती आता सगळे येझदीवाले टाकतात, मीही टाकलीय, स्वस्त आहे आणि अॅसिड सांडून क्रोम खात नाही. जुन्या काळ्या बॅटरीचा रिकामा खोका कापून त्याच्या आत ती बसवली तर कोणाला कळतही नाही. पण कटआउट जास्त मारत असेल तर ती फुगते, त्यामुळे आधी कटआउट मोजा मग ही टाका. लिथियम बॅटरी मेकॅनिकल कटआउटसोबत अजिबात नको.

पॉइंट : इथे मी जुना माणूस आहे

इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका असं ज्याला त्याला सांगायची फॅशन आलीय. माझं मत वेगळं आहे. पॉइंट बिघडतात तेव्हा हळूहळू बिघडतात, गाडी मिसिंग करते, स्टार्टिंगला त्रास देते, तुम्हाला आठवडाभर आधी कळतं. आणि खारेगावच्या जुन्या टोलनाक्यापाशी पावसात बंद पडलात तरी एक फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी), एक स्क्रू ड्रायव्हर आणि खिशातला व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा यावर घरी पोचता. इलेक्ट्रॉनिक युनिट गेलं की गेलं, ढकलत या.

पॉइंट सांभाळणं काही कठीण नाही. उजवं कव्हर काढा, प्लग काढा म्हणजे क्रँक हाताने फिरेल, पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे आणा, गॅप ०.४ मिलिमीटर. फिलर गेज आत सरकताना हलका घासला पाहिजे, लोण्यात सुरी जाते तसा गेला तर गॅप जास्त आहे. पॉइंटच्या तोंडावर पॉलिश पेपर मारायची सवय सोडा, त्याचे कण अडकतात, कोऱ्या जाड कागदाला पेट्रोल लावून मधून दोनदा ओढा आणि मग एकदा कोरडा ओढा, बोटाचं तेल राहिलं तरी स्पार्क कमजोर होतो. कॅमला घासणाऱ्या फेल्टवर थेंबभर तेल, जास्त नाही.

गॅप एका जागी बरोबर येतो आणि परत फिरवून बघितलं की वेगळाच येतो असं होतंय का? मग पॉइंटला शिव्या देऊ नका. रोटर (डायनॅमोचा फिरणारा भाग) धरून वरखाली हलवून बघा. हलला तर क्रँकचं बेअरिंग गेलंय, कॅम क्रँकच्याच टोकावर असल्यामुळे तोही डुलतोय. फील्ड कॉइलच्या आतल्या लोखंडावर घासल्याचे चकचकीत ओरखडे दिसतील. अशा गाडीत इलेक्ट्रॉनिक टाकून लोक म्हणतात बघा किती स्मूथ झाली, अहो ते दुखणं झाकलंय फक्त, बेअरिंग अजून खातंच आहे.

कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे ठिणगी पडू न देणारा छोटा कपॅसिटर) मात्र बदलण्यालायक. बाजारात आता मिळणारे कंडेन्सर कसे निघतील याचा भरवसा नाही, इंजिन तापलं की दगा देतात, गाडी घोडबंदरच्या जाममध्ये वीस मिनिटं उभी राहिली की बंद आणि थंड झाली की पुन्हा चालू, हे लक्षण बहुतेक वेळा त्याचंच. उपाय साधा आहे, ०.२२ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो, आणि तो इंजिनपासून लांब, इग्निशन कॉइलजवळ, पॉइंटची वायर जिथे कॉइलला येते तिथून बॉडीला लावा. जुना कंडेन्सर जागेवर राहू द्या, फक्त त्याची वायर सोडवून टेप करून ठेवा. बघणाऱ्याला सगळं जुनंच दिसतं. माझ्यात असा लावून तीन पावसाळे झाले.

राजदूत ३५० वाल्यांनो, तुमच्याकडे दोन सिलिंडर म्हणजे पॉइंटचे दोन सेट, दोन्हीचं टायमिंग वेगवेगळं लावायचं, तिथे इलेक्ट्रॉनिक किट टाकणाऱ्याला मी काही बोलत नाही. आणि आरएक्स १०० वाल्यांना या पूर्ण भागाची गरजच नाही, तुमच्यात कारखान्यातूनच सीडीआय, म्हणजे बिनपॉइंटची इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, उगाच आमच्या दुःखात सामील होऊ नका.

पायरी दोन : बारा व्होल्ट, पण पूर्ण

एवढं सगळं करूनही रात्रीचा वापर जास्त असेल तर बारा व्होल्ट करा, पण अर्धवट करू नका, ही माझी हात जोडून विनंती. दोन रस्ते आहेत.

एक, डायनॅमो तोच ठेवून बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर टाकायचं. जुन्या ल्युकास डायनॅमोवर ब्रिटिश गाडीवाले हे खूप वर्षं करतात. त्यात चार्जिंग जास्त आरपीएमला सुरू होतं, हायवेला मस्त पण सिग्नल टू सिग्नल चालणाऱ्या आपल्यासारख्यांचा तोटा. ठाण्यात राहणाऱ्याला मी सांगणार नाही.

दोन, डायनॅमो काढून त्या जागी मॅग्नेटवाली नवी सिस्टीम, जावा-येझदीसाठी चेक रिपब्लिकच्या वेप कंपनीच्या सिस्टीमवरची तयार किट मिळतात, मॅग्नेट रोटर, स्टेटर, रेग्युलेटर, इग्निशन सगळं एकत्र. ४५ च्या कितीतरी पट वॅट मिळतात, आयडलिंगलाही लाइट राहतो, बॅटरी नसली तरी गाडी चालू होते. महाग आहे, पण मूळ डायनॅमोच्याच जागी बसते आणि उजव्या कव्हरच्या आत लपते, इंजिनला एकही नवीन भोक पाडावं लागत नाही. माझ्या नियमात बसतं. याउलट दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं मॅग्नेट आणून, क्रँकचा टेपर लेथवर घासून जुगाड करतात ते बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण तो क्रँक मग परत ओरिजिनल होत नाही.

काय काय बदलावं लागतं त्याचा विचार आधी करा. सगळे बल्ब, एकही विसरू नका, मीटरमधला छोटासुद्धा, तो पहिल्या सेकंदाला उडतो. हॉर्न, सहाचा हॉर्न बारावर दोनचार आठवडे जोरात वाजतो आणि मग कायमचा गप्प बसतो. पॉइंटच ठेवणार असाल तर कॉइल बाराची. बॅटरी. फ्लॅशर. अँपियर मीटर असेल तर तो राहू द्या, त्याला व्होल्टशी देणंघेणं नाही. हेडलाइटला रिले लावा म्हणजे हँडलवरच्या जुन्या नाजूक स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जाईल आणि तो स्विच तुमच्या नातवापर्यंत टिकेल. सहा व्होल्टच्या गाडीत बाराचा रिले ओढतच नाही, तिथे ही युक्ती करायला जाऊ नका.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन आली की प्लगची कॅप पाच किलोओमच्या रेझिस्टरवाली टाका, नाहीतर स्पार्कच्या गोंगाटाने युनिट वेडं होतं. आणि वायरमनला आधीच बजावा, वायर इंजिनच्या फिनवर घासून "बघा, करंट येतोय" असं ठिणगी पाडून दाखवायचं नाही. ही सवय त्यांच्या हातात इतकी मुरलीय की सांगेपर्यंत घासलेलं असतं. डायनॅमोच्या काळात चालून जायचं, आता एका ठिणगीत पूर्ण किटचे पैसे जातात.

हेडलाइटला एलईडी : भिंतीवर बघूनच

जुन्या रिफ्लेक्टरचा आकार बल्बमधल्या त्या बारीक फिलामेंटच्या जागेभोवती आखलेला असतो. एलईडीच्या चिप फिलामेंटच्या जागेपासून दोन मिलिमीटर इकडे तिकडे असल्या तरी बीम फाटतो, उजेड झाडावर आणि समोरच्याच्या डोळ्यात, रस्त्यावर अंधार. वॅट बघून घेऊ नका. संध्याकाळी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, कोणालातरी गाडीवर बसवा, जुन्या बल्बचा लो बीम मारा आणि भिंतीवर जिथे उजेडाची वरची कड येते तिथे खडूने रेघ ओढा. मग एलईडी लावा. रेघेच्या वर उजेड सांडला तर दुकानदाराला परत करा, तो कितीही म्हणू दे की सगळे हेच नेतात. मी तीन परत केले, चौथा बसला, आठ वॅटचा सहा व्होल्टवाला, म्हणजे ३५ चा भार ८ वर आला आणि माझं बारा व्होल्ट करायचं तिथेच राहिलं. डायनॅमो आता रात्रीही बॅटरीला दोन घास देतो.

ज्यांच्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो त्यांनी लक्षात घ्या, तिथे एसी करंट आहे, साधा एलईडी आयडलिंगला लुकलुकेल आणि रेस केली की उडू पण शकतो. आधी रेक्टिफायर-रेग्युलेटर, मग एलईडी.

वायरिंग बदलावीच लागली तर

जुन्या वायरीचं आवरण वाकवल्यावर तडकत असेल तर वाद नाही, बदला. पण कापू नका. पूर्ण वायरिंग काढण्याआधी प्रत्येक टोकाला मास्किंग टेप लावून पेनाने लिहा, फोटो काढा, मग अखंड बाहेर काढा आणि तिला जमिनीवर पसरून तिच्याच मापाने नवी बांधा. बाजारातली तयार किट बऱ्याचदा बारीक तारेची असते, सहा व्होल्टला हेडलाइटची आणि बॅटरीची वायर निदान २.५ स्क्वेअर एमएम, बाकी १ ते १.५. जोड पिळून टेप मारायचा नाही, आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात टेपचा गोंद वितळून हाताला चिकटतो आणि आतली तार उघडी. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) नीट पंच करा, वर हीट श्रिंक. नुसतं सोल्डर केलेली तार जिथे सोल्डर संपतं तिथेच थरथरीने तुटते, टू स्ट्रोकची थरथर तर विचारू नका.

नवीन जे काही घालाल, फ्यूज, यूएसबी, रिले, त्याची वेगळी छोटी वायरिंग करा जी मूळ कनेक्टरमध्ये खुपसता येईल आणि उपटता येईल.

कागदाची बाजू पण थोडी बघा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षांवरची दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० आणि नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये फी, नव्या नोंदणीच्या नंबरप्लेटमध्ये व्हीए येतं. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस बॉडी इंजिनात मोठे फेरफार नकोत, आणि मग ती रोज वापरता येत नाही, रॅली-प्रदर्शन वगैरेपुरतीच. माझी गाडी वयात बसते पण मला तिच्यावरून भाजी आणायची असते म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. तुम्हाला जायचं असेल तर क्रँक घासणारे जुगाड आधीच विसरा.

काढलेला प्रत्येक भाग, जळका का असेना, फेकू नका. माझ्याकडे पलंगाखाली एक बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात जुना बल्ब होल्डर, मूळ वायरिंगचं वेटोळं, कंडेन्सर, ३५/३५ चा बल्ब कापसात गुंडाळून, आणि प्रत्येकाला चिठ्ठी, कुठून काढला, कुठल्या रंगाची वायर कुठे होती. आर्मेचर, म्हणजे डायनॅमोचा तो रोटर, ठेवणार असाल तर तेलाच्या फडक्यात गुंडाळा, खाडीची हवा पलंगाखाली पण येते.